एक जंतू, दोन खाती

मंडळी, या शनिवारचा विषय आहे वेड आणि महाधमनी. आता यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. हॉस्पिटलात एकाचं खातं मानसोपचार, दुसऱ्याचं हृदयविकार. मजला वेगळा, डॉक्टर वेगळे, आणि नातेवाइकांच्या चेहऱ्यावरचे भावही वेगळे. हृदयाचा पेशंट असेल तर अख्खं गाव भेटायला येतं. डोक्याचा असेल तर घरचे कुणाला सांगत नाहीत.

पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या दोन्ही खात्यांतल्या बऱ्याच पेशंटांचं मूळ एकच होतं. उपदंश, म्हणजे आपल्याकडची ‘गरमी’.

या रोगाचं आपल्याकडचं जुनं नावच मजेशीर आहे. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’ लिहिला, त्यात याला ‘फिरंग रोग’ म्हटलंय. फिरंग्यांकडून आला म्हणून फिरंग. उपाय काय, तर पारा आणि चोपचिनी. (गंमत म्हणजे युरोपातही प्रत्येक देशाने या रोगाला शेजाऱ्याचंच नाव दिलं होतं. बग नेहमी दुसऱ्याच्याच मोड्यूलमध्ये असतो!)

आता आपल्या भागात येऊ. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी सर्जनने मिरजेत हॉस्पिटल उघडलं. तीन वर्षांत तिथे डॉक्टर घडवायचं शिक्षणही सुरू झालं. मिरजेला आज आपण वैद्यनगरी म्हणतो, त्याची ही सुरुवात. पण तेव्हाचं ज्ञान किती होतं बघा. उपदंशाचा जंतू अजून कुणी पाहिलाच नव्हता. तो सापडला १९०५ मध्ये, जर्मनीत, शाउडिन आणि हॉफमन यांना. म्हणजे मिरजेचं हॉस्पिटल या जंतूच्या शोधापेक्षा अकरा वर्षांनी मोठं आहे.

हा जंतू करतो काय? आधी एक न दुखणारी जखम. ती आपोआप बरी होते. मग अंगावर पुरळ. तेही जातं. माणसाला वाटतं, सुटलो. मग दहा, वीस, कधी तीस वर्षं काही नाही. सगळ्यांनाच पुढचा त्रास होतो असंही नाही. पण ज्यांना होतो, त्यांच्यात जंतू दोन मोठ्या वाटा धरतो.

पहिली वाट महाधमनीची. हृदयातून निघणारी ही शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. तिची भिंत इतकी जाड, की त्या भिंतीला रक्त पुरवायला वेगळ्या बारीक वाहिन्या लागतात. जंतू नेमका त्या बारीक वाहिन्यांना सुजवतो. त्या हळूहळू बंद होतात, भिंतीची लवचीकता जाते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर ती फुगत राहते. सायकलच्या ट्यूबला कमकुवत जागी फुगवटा येतो ना, तसंच. एक दिवस फुटली की संपलं.

दुसरी वाट मेंदूची. चाळिशीतला चांगला कमावता माणूस एकदम म्हणायला लागतो, मी राजा आहे, माझ्याकडे कोट्यवधी आहेत. मग बोबडी वळते, पाय लटपटतात, आणि काही वर्षांत मृत्यू. युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत अशा रुग्णांचा मोठा भरणा होता. कारणं काय सांगत? दारू, बाहेरख्यालीपणा, अतिविचार, कमकुवत घराणं. आपल्याकडे भुताखेतांची आणि देवाच्या कोपाची भर.

१९१३ साली न्यूयॉर्कमध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा मृत रुग्णांच्या मेंदूत तोच जंतू दाखवला. माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासातला हा फार मोठा क्षण आहे. ज्याला लोक वेडा म्हणून साखळीने बांधत होते, तो आजारी होता. जे महाधमनीत, तेच मेंदूत. वेगळी होती ती फक्त खाती.

उपचार मात्र लगेच मिळाला नाही. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये या रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला. तापाने जंतू मरतील ही कल्पना, आणि मग क्विनाइन देऊन मलेरिया उतरवायचा. काही सुधारले, काही मलेरियानेच गेले. १९२७ साली त्यांना याबद्दल नोबेल मिळालं. आज वाचताना काटा येतो, पण त्या काळी दुसरं हातात काही नव्हतं.

खरं औषध ठरलं पेनिसिलिन. १९४३ मध्ये अमेरिकेत उपदंशावर त्याचा गुण दिसला. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन देशातच बनू लागलं. पण पेनिसिलिन जंतू मारतं, सैल झालेली महाधमनी परत घट्ट करत नाही, की गेलेला मेंदू आणत नाही. म्हणजे सगळा खेळ वेळेचा.

आणि वेळ कोण खातं? लाज.

कधी कधी तर संशोधकच खातात. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ पासून उपदंश झालेल्या सुमारे ४०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं बघत ठेवलं. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. हे १९७२ पर्यंत चाललं! त्यांच्या महाधमन्या आणि मेंदू हा कुणाचा तरी डेटा होता.

या लाजेवर आपल्या दोन जिल्ह्यांत दोन बाजूंनी काम झालं, म्हणून हा सगळा पसारा मांडला. मूळचे साताऱ्याचे आणि मिरजेत डॉक्टर झालेले नरेंद्र दाभोलकर. त्यांनी १९९१ मध्ये साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पुढे त्याच संस्थेने मानसिक आरोग्याचं कामही उचललं. दाभोलकरांचा २०१३ मध्ये पुण्यात खून झाला. काम थांबलं नाही. त्यांचे चिरंजीव हमीद स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. देवऋषीकडे निघालेल्या कुटुंबाला ‘हा आजार आहे, औषध आहे’ एवढं सांगणं म्हणजे १९१३ चीच गोष्ट पुन्हा सांगणं.

दुसरीकडे सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’. एचआयव्हीच्या भीतीच्या काळात वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच त्यांनी कामाच्या केंद्रस्थानी ठेवलं. कंडोम वाटणाऱ्या त्याच, एकमेकींना दवाखान्यात नेणाऱ्याही त्याच. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, ‘वॅम्प’. जिला आजवर रोगाचं उगमस्थान म्हणून हिणवलं, तीच आरोग्यसेवक झाली.

आपण सॉफ्टवेअरवाले रूट कॉज, रूट कॉज करत असतो. इथे रूट कॉज १९०५ लाच सापडलं होतं, फिक्स १९४३ ला. तरी उपदंश आजही गेलेला नाही. गरोदर बाईच्या रक्ताच्या तपासण्यांत आजही त्याची चाचणी असते. स्वस्त आणि सोपी. फक्त त्या बाईला दवाखान्याची पायरी चढताना कुणी नाव ठेवता कामा नये.

असो. रविवार चांगला जावो.