पेप्टाइडांची जोडणी आणि संरक्षक गट

अमिनो आम्लाच्या रेणूत एक अमिनो गट आणि एक कार्बोक्झिल गट असतो. एका रेणूचा अमिनो गट दुसऱ्याच्या कार्बोक्झिल गटाशी पाणी बाहेर टाकून जोडला गेला की पेप्टाइड बंध तयार होतो. एमिल फिशर यांनी एर्नेस्ट फूर्नो यांच्यासह १९०१ मध्ये ग्लायसिलग्लायसिन हे दोन घटकांचे पेप्टाइड सिद्ध केले आणि १९०७ पर्यंत १८ घटकांची साखळी गाठली. मात्र दोन्ही टोके क्रियाशील असल्याने कोणताही रेणू कोणाशीही जोडला जाई. हे टाळण्यासाठी एक टोक झाकावे, तर ते झाकण, म्हणजे संरक्षक गट, साखळी न मोडता काढता येत नसे.

हा पेच १९३२ मध्ये ड्रेस्डेन येथील चर्मसंशोधन संस्थेत माक्स बर्गमान आणि लिओनिडास झेर्वास यांनी सोडवला. त्यांनी अमिनो टोकावर बसवलेला कार्बोबेन्झॉक्सी गट, पॅलेडियम या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडताच, टोल्युइन आणि कार्बन डायॉक्साइड होऊन निघून जातो व पेप्टाइड बंधाला धक्काही लागत नाही. या साऱ्या इतिहासातले खरे वळण हेच मानले पाहिजे, कारण १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी सिद्ध केलेले ऑक्सिटोसिन हे ९ अमिनो आम्लांचे संप्रेरकही याच गटाच्या आधाराने घडले. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत पदच्युत झालेले बर्गमान न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले.

त्याच संस्थेत ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये साखळीचे पहिले टोक पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांना बांधून टाकले, त्यामुळे प्रत्येक पायरीनंतर स्फटिकीकरणाने शुद्धी करण्याऐवजी मणी नुसते धुतले तरी उरलेली रसायने वाहून जाऊ लागली. तथापि, प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली तरी १२४ घटकांच्या रायबोन्यूक्लिएजसारख्या प्रथिनाच्या १२३ जोडण्यांअखेर जेमतेम २९ टक्के साखळ्याच निर्दोष उरतात. म्हणून लहान तुकडे वेगळे घडवून मग ते सांधण्याची वाट शोधणे भाग होते. स्टीफन केंट आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ती दाखवली: एका तुकड्याच्या शेवटी थायोएस्टर हा गंधकयुक्त गट आणि दुसऱ्याच्या आरंभी सिस्टीन हे अमिनो आम्ल असेल, तर सिस्टीनचे गंधक आधी थायोएस्टरला पकडते आणि मग रेणूची अंतर्गत फेररचना होऊन नेहमीचा पेप्टाइड बंध आपोआप तयार होतो, तोही साध्या पाण्यात आणि तुकड्यांवर एकही संरक्षक गट नसताना.