पानिपत, पोल्टावा आणि पानशेत

पेपर अवघड गेला की ‘पानिपत झालं’. कुणी दगा दिला की ‘विश्वास तर पानिपतातच गेला’. किती सहज बोलून जातो आपण! यातला ‘विश्वास’ म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव. १४ जानेवारी १७६१ ला तो पानिपतावर पडला, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती.

रशियन भाषेत या वाक्प्रचाराचं एक चुलत भावंड आहे. एखाद्याची पुरती वाट लागली की ‘पोल्टावाच्या स्वीडिशासारखा गेला’ असं म्हणतात. १७०९ साली पीटर द ग्रेटने पोल्टावाला (हे गाव आज युक्रेनमध्ये आहे) स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सच्या फौजेचा धुव्वा उडवला, त्यावरून हे आलं. गंमत बघा, त्यांनी शत्रूचा पराभव भाषेत ठेवला, आपण स्वतःचा. १७५८ च्या विजयाचे ‘अटकेपार झेंडे’ आपल्याकडेही आहेत म्हणा, पण ते सत्काराच्या भाषणात. पानिपत मात्र थेट स्वयंपाकघरापर्यंत आलं.

पानिपतानंतर बरोबर दोनशे वर्षांनी पुण्याला तसाच आणखी एक शब्द मिळाला. १२ जुलै १९६१ ला बांधकाम पुरं न झालेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. तो लोंढा आमच्या खडकवासल्याच्या दगडी धरणावर आला. १८७९ मध्ये पूर्ण झालेलं हे धरणही त्याच दिवशी फुटलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

तेव्हापासून पुण्यात जुना फोटो, पत्रिका, घराचे कागद, काहीही विचारा, ‘पानशेतच्या पुरात गेलं’ हे उत्तर ठरलेलं. बऱ्याच घरांत ते अक्षरशः खरं आहे. पण जिथे पाणी पोचलंच नव्हतं, तिथूनही हेच उत्तर येतं! तसं झालं की समजायचं, घटनेचा वाक्प्रचार झाला.

वाक्प्रचार झाला की शब्द हलका होतो. त्यातली माणसं गळून पडतात, उरतो तो बोलण्यातला चटका. विश्वासरावाचं तेच झालं. पण पानशेतचं अजून पुरतं झालेलं नाही. तो पूर पाहिलेली माणसं आपल्या घरांत आहेत. त्यांच्यासमोर कुणी हा शब्द विनोदाने वापरला, की ती हसत नाहीत.

म्हणून एवढंच करा. घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं? आणि सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा.