लसीचें झाड

वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवीस रामनवमीची यात्रा भरते, तेव्हां सेवालालमहाराजांच्या दर्शनास बंजारा समाज अनेक राज्यांतून लोटतो. २०२० सालीं रामनवमी २ एप्रिलला आली, आणि त्या वेळीं सारा देश टाळेबंदींत होता. जो तो लसीची वाट पाहत होता. लस म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न त्या दिवसांत घरोघरीं निघाला. त्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे.

मुंबईंत प्लेगचें थैमान चालू असतां वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. तींत उष्णतेनें मारलेले अख्खे जंतु होते. त्यांनीं शरीरास शत्रूची ओळख पटे. पण ताप, सूज हा त्रासहि होई. पुढें शास्त्रज्ञांस वाटूं लागलें कीं, ओळखीपुरता जंतूच्या प्रथिनाचा लहानसा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, पुरेसा असावा.

असे तुकडे करण्याची युक्ति ब्रूस मेरिफील्ड यांनीं १९६३ सालीं न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध केली. राळेच्या बारीक मण्यास पहिलें अमिनो आम्ल चिकटवावयाचें, आणि त्यापुढें एकेक जोडीत जावयाचें. या कामाबद्दल त्यांस १९८४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अडचण निराळीच निघाली. एकटा तुकडा इतका क्षुद्र कीं, शरीर त्याची दखलच घेईना. मोठ्या प्रथिनाच्या पाठीवर बसवावा, तर शरीर त्या वाहनाशींच झुंजत बसे! रॉकफेलर विद्यापीठांतील जेम्स टॅम यांनीं १९८८ सालीं तोडगा मांडला. लायसिन नांवाच्या अमिनो आम्लास जोडणीचे दोन हात असतात. एकास दोन, त्या दोहोंस चार असे फांटे फोडीत गेलें म्हणजे सात लायसिनांच्या झाडास आठ टोकें येतात, आणि प्रत्येक टोकास तोच तुकडा लागतो. वाहनाची गरजच उरत नाहीं.

आम्हांस ही कल्पना फार सुंदर वाटते. पण यात्रेच्या गर्दीस ती पुरेल काय? हिवतापाच्या परजीवीचे तुकडे चार फांट्यांवर बसवून माणसांस टोचले, त्याचा निकाल २००० सालीं प्रसिद्ध झाला. वारशानें आलेल्या विशिष्ट पेशीखुणा ज्यांच्या अंगीं होत्या, त्यांच्यांत प्रतिपिंडें भरपूर झालीं. इतरांत तसें झालें नाहीं. अख्ख्या जंतूंत तुकडे पुष्कळ, त्यामुळें ज्याला त्याला कांहींतरी ओळखतां येतें.

१६ जानेवारी २०२१ रोजीं देशांत लसीकरण सुरू झालें. तेव्हांच्या दोन लसींपैकीं कोव्हॅक्सीन ही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें वेगळ्या काढलेल्या विषाणूपासून केलेली होती, आणि तींत मारलेला अख्खा विषाणूच होता! टॅम यांचें झाड मात्र प्रयोगशाळांच्या कामीं आलें. सशांच्या रक्तांत हवीं तीं प्रतिपिंडें करवून घेण्यास तें वापरतात.