नॉच जनुक: गर्भाला आकार देणारे, पण कर्करोगात दोन्हीकडून खेळणारे

कोल्हापूरच्या पानटपरीवर मावा चोळून मिळतो. जवळच्या निपाणीची ओळख तंबाखूची बाजारपेठ म्हणून आहे. अनेक घरांत बायका आजही मिसरी लावतात. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे बहुतेकांना ठाऊक असते. पण पेशीच्या आत नेमके काय बिघडते? या कर्करोगात बिघडलेली जी जनुके सापडतात, त्यांपैकी एक म्हणजे ‘नॉच-१’. उंदराच्या गर्भात हे जनुक नसेल तर पिल्लू जन्मालाच येत नाही. हेच जनुक एका अवयवात कर्करोग वाढवते आणि दुसऱ्या अवयवात तो रोखते.

नाव कुठून आले?

नॉच म्हणजे खाच. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत काही फळमाश्यांच्या पंखांच्या कडेला खाचा दिसल्या. या माश्यांमध्ये एका जनुकाची एक प्रत बिघडलेली होती. जनुक पूर्णच नाहीसे झाले तर माशीचा गर्भ जगत नव्हता. पुढे हेच जनुक उंदरांत आणि माणसांतही सापडले. माशीत ते एकच आहे. उंदरांत आणि माणसांत त्याचे चार भाऊबंद आहेत, नॉच-१ ते नॉच-४.

हे जनुक करते काय?

नॉच जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या आवरणावर बसते. त्याचा अर्धा भाग बाहेर असतो, अर्धा आत. शेजारच्या पेशीवरचे दुसरे प्रथिन त्याला येऊन चिकटले की नॉच ताणले जाते आणि ‘गॅमा सिक्रेटेज’ नावाचे विकर त्याचा आतला तुकडा कापते. हा तुकडा थेट पेशीच्या केंद्रकात जातो आणि तिथली ठरावीक जनुके चालू करतो.

थोडक्यात, हा दोन शेजाऱ्यांमधला निरोप आहे. ‘मी चेतापेशी होतोय, तू होऊ नकोस’, असे एक पेशी दुसरीला सांगते. त्यामुळे सगळ्या पेशी एकाच प्रकारच्या होत नाहीत आणि काही मूळपेशी पुढच्या कामासाठी राखीव राहतात.

उंदरांनी काय शिकवले?

उंदराचे पिल्लू साधारण १९ ते २१ दिवसांत जन्मते. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी नॉच-१ नसलेले उंदीर तयार करण्याचा प्रयत्न केला. ते गर्भ अकराव्या दिवसाच्या आसपास मेले. मणके ज्या खंडांपासून घडतात, ते खंड त्या गर्भांत वेळेवर आणि रांगेत बनले नव्हते.

गर्भच मरत असेल तर पुढचे काही कळणार कसे? मग फक्त एकाच अवयवातून हे जनुक काढण्याची पद्धत वापरली गेली. रक्त तयार करणाऱ्या पेशींतून नॉच-१ काढल्यावर रोगप्रतिकारक टी-पेशी बनणे थांबले. त्वचेतून काढल्यावर मात्र उंदरांच्या त्वचेवर गाठी आल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरला. त्वचेत नॉच-१ कर्करोगाला आवर घालत होते.

रक्ताची गोष्ट उलटी निघाली. तिथे नॉच-१ सतत चालू राहिले तर उंदरांना टी-पेशींचा रक्ताचा कर्करोग होतो. २००४ मध्ये माणसांतल्या याच कर्करोगाचे नमुने तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक नमुन्यांत नॉच-१ ला चालू ठेवणारे बदल आढळले.

हे विरोधाभासी वाटले तरी कारण सरळ आहे. नॉचचा निरोप काय अर्थाचा, हे ऐकणारी पेशी ठरवते. घडत असलेल्या टी-पेशीला तो ‘वाढत राहा’ असा ऐकू येतो, तर त्वचेच्या पेशीला ‘वाढ थांबव, पक्की हो’ असा.

तोंडाच्या कर्करोगात कोणता चेहरा?

२०११ मध्ये अमेरिकेतल्या दोन अभ्यासांत डोके व मानेच्या कर्करोगाच्या सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत नॉच-१ मध्ये बदल दिसले. त्यांतले बरेच बदल जनुक निकामी करणारे होते. म्हणजे इथे नॉच रक्षक असावे, असे वाटले. २०१३ मध्ये भारतीय संशोधकांनी गाल व हिरडीच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. त्यातही वारंवार बदलणाऱ्या जनुकांच्या यादीत नॉच-१ होते.

मग नवी मुंबईत खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेतून वेगळे चित्र समोर आले. डॉ. अमित दत्त यांच्या गटाने जिभेच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगाचे ६८ नमुने तपासले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. नॉच-१ निकामी करणारे बदल फक्त ४ टक्के होते. उलट ३१ टक्के रुग्णांत या जनुकाच्या प्रती वाढल्या होत्या आणि ३७ टक्क्यांत ते जास्त जोराने काम करत होते. ज्यांच्या गाठीत नॉच सक्रिय होते, त्यांच्यापैकी ९३ टक्के रुग्णांत रोग मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला होता. इतरांत हे प्रमाण ६४ टक्के होते. प्रयोगशाळेतल्या पेशींत नॉच रोखल्यावर त्यांची वाढ आणि हालचाल मंदावली.

६८ हा आकडा लहान आहे, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही. पण परदेशी रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष आपल्या रुग्णांना जसाच्या तसा लावता येत नाही, हे यातून दिसले.

मग नॉच रोखणारे औषध का देत नाहीत?

कारण रोखण्याची किंमत मोजावी लागते. गॅमा सिक्रेटेज थांबवणारे ‘सेमागासेस्टॅट’ हे औषध विस्मरणाच्या अल्झायमर आजारासाठी तपासले जात होते. २०१० मध्ये चाचणी थांबवावी लागली. रुग्णांची स्थिती बिघडली होती आणि त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले होते. उंदरांच्या त्वचेने हा इशारा सात वर्षे आधी दिला होता. याच प्रकारच्या ‘निरोगासेस्टॅट’ या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती डेस्मॉइड या वेगळ्या प्रकारच्या गाठीसाठी.

सामान्य माणसाने यातून काय घ्यावे?

- तोंडाच्या कर्करोगाचा उपचार आज नॉचच्या तपासणीवरून ठरत नाही. गाठ कुठे आहे आणि किती पसरली आहे, यावरून शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे ठरतात.
- गाठीतले हे बदल बहुधा आयुष्यात नंतर झालेले असतात. ते मुलांकडे वारशाने जात नाहीत.
- गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पण माव्यातली सुपारीही कर्करोगकारक आहे, त्यामुळे ‘तंबाखू कमी टाका’ म्हणून धोका टळत नाही.
- दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, मानेत गाठ, यांपैकी काही दिसले तर दुखत नसले तरी डॉक्टरांना दाखवावे. रोग लवकर सापडला तर बरे होण्याची शक्यता खूपच जास्त असते.