लेथवरचे दुधाळ पाणी

रोह्याजवळ धाटावला रसायनांचे कारखाने आले, तसे त्यांचे शाफ्ट आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करणारे लेथही पेण-रोह्यात आले. माझे अब्बा अशाच एका वर्कशॉपमध्ये होते. ईदच्या सुट्टीनंतर टाकी उघडली की कूलंटला आंबूस वास यायचा. मालक म्हणायचे, ‘वरून थोडं नवं ओता, चालतंय.’ अब्बांच्या हातांची सालपटे निघायची.

1880 च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने पोलाद कापताना टूलच्या टोकावर पाण्याची जोरदार धार सोडली. कापण्याचा वेग 30 ते 40 टक्के वाढवता आला. गंज लागू नये म्हणून त्या पाण्यात सोडा घालत. पुढे पाण्यात मिसळणारे तेल आले. साधारण वीस भाग पाण्याला एक भाग तेल, तेही पाण्यात तेल घालायचे, तेलात पाणी नाही. बीड मात्र बहुधा कोरडेच कापतात, त्यातले ग्राफाइटच वंगणाचे काम करते.

या इतिहासात वेग आधी मोजला गेला, हात फार उशिरा. नीट शुद्ध न केलेल्या खनिज तेलाने त्वचेचा कर्करोग होतो, हे आज सिद्ध झाले आहे. म्हणून कूलंट निवडताना धातू कोणता हे विचाराच, पण टाकी कोण साफ करणार, आणि ते कोणाच्या हातांवर उडणार, हेही विचारा. अब्बांच्या वेळी हे कोणी विचारले नाही.