परळची पेशी, पवईचं प्रथिन

१० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईत आयआयटीची कोनशिला बसवली. कर्करोगाचं संशोधन तेव्हा चालायचं परळला. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभ्या केल्या. १९५२ साली शेजारीच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघालं. आज उपनगरातल्या पवईत गाठीतली प्रथिनं मोजली जातात, त्या कामाची पाळंमुळं परळच्या या प्रयोगशाळांत आहेत.

खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी झालेल्या कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून ‘हेला’ पेशी वाढवल्या गेल्या. लॅक्स यांची संमती कुणी घेतली नव्हती, हेही सांगायलाच हवं. रणदिवे मात्र परदेशी राहिल्या नाहीत. मुंबईला परतून त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

पुढे या हेला पेशींनीच एक मोठा धडा दिला. जनुकावरून आरएनएचा संदेश निघतो आणि संदेशावरून प्रथिन बनतं, हा क्रम शाळेतली मुलंही शिकतात. त्यावरून वाटतं की संदेश मोजला म्हणजे प्रथिनाचाही अंदाज आला. हेला पेशींत पी५३ हे गाठीला आवर घालणारं जनुक शाबूत असतं, त्याचा संदेशही निघतो. प्रथिन मात्र जेमतेम सापडतं. चलनावर माल लिहिलेला असावा आणि गोदाम रिकामं निघावं, तशी ही स्थिती. ही लूट कोण करतं, ते १९९० मध्ये उलगडलं. गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांमागे एचपीव्ही विषाणू असतो. त्याचं ई६ नावाचं प्रथिन पी५३ला गाठतं आणि पेशीच्याच विघटनयंत्रणेच्या तोंडी देतं.

तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात बरेचदा नेमकं उलटं दिसतं. तिथे पी५३चं जनुक बिघडतं, निकामी प्रथिन लवकर मोडत नाही आणि पेशीत साचत जातं. संदेश फारसा वाढलेला नसतानाही काचपट्टीवर केंद्रकं गडद रंगतात.

प्रत्येक जनुक असंच वागतं असं नाही. स्तनाच्या काही कर्करोगांत हर२ जनुकाच्या प्रती वाढतात, त्याबरोबर संदेश वाढतो आणि प्रथिनही वाढतं. ट्रास्टुझुमॅब हे औषध त्या प्रथिनालाच जाऊन चिकटतं. पण असा सरळ हिशेब किती जनुकांचा लागतो? २०१४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या ९५ गाठी तपासल्या. संदेश आणि प्रथिन यांचं प्रमाण खात्रीने एकाच दिशेने बदलतं, अशी जनुकं तपासलेल्यांपैकी जेमतेम ३२ टक्के निघाली. केवळ जनुकं वाचून औषध ठरवता येईल, या आशेला हा मोठाच धक्का होता.

म्हणूनच २०१८ मध्ये आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल सेंटर आणि अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांच्यात झालेला करार मोलाचा वाटतो. एकाच गाठीतली जनुकं आणि प्रथिनं जोडीने वाचायची, हा त्यामागचा हेतू. पवईत हे काम संजीव श्रीवास्तव यांच्या गटाकडे आहे. गाठीतली प्रथिनं वेगळी काढायची, ट्रिप्सिनने त्यांचे तुकडे करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तुकड्यांच्या वस्तुमानावरून प्रथिन कुठलं आणि त्यांच्या संकेताच्या तीव्रतेवरून ते किती आहे, ते काढायचं, अशी ही पद्धत. परळच्या रुग्णांच्या गाठींचं आपल्याच शहरात असं वाचन होणं फार गरजेचं आहे. इथली तंबाखू, इथला एचपीव्ही आणि इथली माणसं परदेशी नमुन्यांत पुरेशी भेटत नाहीत.

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्याच आवारात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते नेक्सकार१९ या पहिल्या स्वदेशी कार-टी उपचाराचं लोकार्पण झालं. आयआयटी आणि टाटा यांनी मिळून घडवलेल्या या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी रक्ताच्या कर्करोगातल्या सीडी१९ या प्रथिनावर चालून जातात. जगभर अशा उपचारांनंतर काही रुग्णांत आजार उलटतो, तेव्हा कर्कपेशींवरून सीडी१९ नाहीसं झालेलं आढळतं. कधी जनुकच बिघडलेलं असतं, तर कधी संदेशाची जुळणी बदलून टी-पेशींना ओळखू येणारा प्रथिनाचा भागच गळालेला असतो. त्यामुळे आजार परतला की पेशींच्या पृष्ठभागावर सीडी१९ उरलं आहे का, हे डॉक्टर पुन्हा तपासून घेतात.