शैक्षणिक लेखनकौशल्य
शैक्षणिक लेखनकौशल्य म्हणजे अभ्यासातून निघालेला निष्कर्ष पुरावे व संदर्भांसह मांडण्याची क्षमता होय. स्वतःचे निरीक्षण आणि इतरांकडून घेतलेले ज्ञान वेगळे दाखवणे हा तिचा पाया आहे. उदाहरणार्थ, जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेखावर लिहिताना विद्यार्थ्याला लेण्यात प्रत्यक्ष पाहिलेले काय आणि अभ्यासकांनी लावलेले वाचन कोणते, हे सांगावे लागते. आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणाच्या विस्थापितांवरील प्रकल्पात मुलाखती व शासकीय नोंदी स्वतंत्र ठेवाव्या लागतात. शिक्षकांनी केवळ शुद्धलेखन न तपासता आराखडा व कच्चा मसुदा यांवर अभिप्राय दिल्यास हे कौशल्य रुजते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होते. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर मात्र मोजणीतून वगळला जातो.